युद्धाच्या रसायनांनी आजारी पडलेल्यांचा दावा कसा उभा करायचा

लष्करातून सुटताना जवानाची शेवटची वैद्यकीय तपासणी होते. तिचा अहवाल ज्या फॉर्मवर लिहितात त्याला एएफएमएसएफ-१६ म्हणतात. त्यात एक तक्ता असतो. आधी आजाराचं नाव, मग दोन प्रश्न: हा आजार सेवेमुळे झाला का, आणि झाला नसेल तरी सेवेमुळे वाढला का. शेवटी कारण लिहायला जागा. नाकारलेल्या प्रकरणांत दोन्ही प्रश्नांपुढे ‘नाही’ असतं आणि कारणाच्या जागेत एखादीच ओळ, ‘आजार प्रकृतीचाच आहे’ अशा अर्थाची. अपंगत्वाची पेन्शन मिळणार की नाही ते त्या ओळीवर ठरतं. जवान सही करून घरी येतो. ती ओळ नीट वाचली जाते ती पाच-दहा वर्षांनी, आजार बळावल्यावर.

नागपूरच्या आसपास अशी घरं बरीच आहेत. कामठीत गार्ड्स रेजिमेंटचं केंद्र आहे. पुलगावला दारूगोळ्याचा मोठा डेपो आहे. अंबाझरी, भंडाऱ्याजवळचं जवाहरनगर आणि भद्रावती इथे आयुध निर्माणी आहेत, आणि अमरावती रोडवर बाजारगावच्या पट्ट्यात स्फोटकांचे खासगी कारखाने आहेत. म्हणजे सीमेवर रसायनांच्या धुरात राहिलेला माणूस इथे आहे, आणि तोफगोळ्यात ती रसायनं भरणाराही इथलाच आहे. त्यांचा दावा लिहायला बसतो तो बहुतेकदा त्यांचा मुलगा, जावई, युनियनचा एखादा कार्यकर्ता किंवा नवा वकील. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

अडतं कुठे

पहिल्या दिवशी घरचे एकच गोष्ट मागतात: ‘अशी एखादी टेस्ट सांगा की हे रसायनानंच झालं असं लिहून मिळेल.’ जवळजवळ कुठल्याच आजारासाठी अशी टेस्ट नाही. हे त्यांना सुरुवातीलाच समजावून सांगायला हवं, नाहीतर वर्ष आणि पैसा प्रयोगशाळांत जातो.

समजा, एका रसायनाशी कधीच संबंध न आलेल्या १,००० माणसांत एक कर्करोग १० जणांना होतो. त्याच वयाच्या, पण ते रसायन हाताळलेल्या १,००० माणसांत तो १५ जणांना होतो. पाच जण जास्तीचे. ते रसायनामुळे आजारी पडले, हे आकडे सांगतात. पण पंधरांतले ते पाच कोण, हे कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही, कारण दहा जणांची गाठ आणि पाच जणांची गाठ सूक्ष्मदर्शकाखाली सारखीच दिसते. आता यांतला एक जण भरपाईसाठी दिवाणी न्यायालयात गेला, तर तिथे विचारतात की रसायनामुळे झालं असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त आहे का. उत्तर येतं, तिनात एक. तो हरतो. त्याच्यामागून गेलेले बाकीचे चौदाही हरतात. पाच माणसं खरोखर आजारी पडली आणि जबाबदार मात्र पंधराही वेळा सुटला. हा अन्याय कुण्या एका न्यायाधीशाच्या मनात आलेला नाही, पुराव्याच्या मापातच तो बसलेला आहे.

त्यात वेळेची भर पडते. १९६२ ते १९७१ या काळात अमेरिकी हवाई दलाने व्हिएतनामच्या जंगलांवर आणि शेतांवर सुमारे साडेसात कोटी लिटर तणनाशकं फवारली. त्यातल्या सर्वांत जास्त वापरलेल्या मिश्रणाच्या ड्रमवर नारिंगी पट्टा असायचा, म्हणून त्याचं नाव एजंट ऑरेंज. दोन तणनाशकं निम्मी-निम्मी मिसळून ते बनायचं. त्यातलं २,४,५-टी तयार करताना तापमान हाताबाहेर गेलं की टीसीडीडी नावाचं डायऑक्सिन आपोआप बनतं, आणि खरं विष ते. हे डायऑक्सिन चरबीत जाऊन बसतं आणि शरीरातलं त्याचं प्रमाण निम्मं व्हायला साधारण ७ ते ११ वर्षं लागतात. चाळीस वर्षांत ते चार-पाच वेळा निम्मं होतं, म्हणजे मूळ प्रमाणाचा सोळावा ते बत्तिसावा हिस्सा उरतो. तेवढं तर अन्नातून सर्वसामान्य माणसाच्या अंगातही गेलेलं असू शकतं. रक्त महागड्या यंत्रावर तपासलं आणि आकडा आला, तरी आजार त्यानेच झाला हे त्या आकड्यातून निघत नाही.

अमेरिकी जवानांनी वाट कशी काढली

१९७७ मध्ये शिकागोत माजी सैनिकांच्या कार्यालयात अर्ज घेणाऱ्या मॉड डीव्हिक्टर या कर्मचारी बाईंच्या लक्षात आलं की व्हिएतनामहून आलेल्या जवानांचे आजार एकसारखे आहेत. त्यांनी विचारपूस केली आणि नोंदी ठेवायला सुरुवात केली. १९७८ मध्ये तिथल्या टीव्हीवर त्यावर कार्यक्रम झाला आणि देशभरातून जवान पुढे आले. रसायन कंपन्यांवर एकत्रित दावा झाला. १९८४ मध्ये तो १८ कोटी डॉलरवर मिटला, पण कंपन्यांनी दोष कबूल केला नाही आणि वाट्याला आलेली रक्कम माणशी फारच थोडी होती.

खरा फरक पडला १९९१ च्या एजंट ऑरेंज कायद्याने. त्या कायद्याने प्रश्नच बदलला. ‘तुझा आजार रसायनाने झाला हे सिद्ध कर’ याऐवजी दोनच गोष्टी विचारायच्या ठरल्या: तू ठरलेल्या काळात व्हिएतनामात होतास का, आणि तुझा आजार यादीत आहे का. दोन्हींचं उत्तर होय असेल, तर संबंध आहे असं गृहीत धरायचं. आजार यादीत घालायचा की नाही हे शास्त्रज्ञांच्या समितीने संशोधन पाहून सुचवायचं. अशा रीतीने पुढे टाइप-२ मधुमेह, प्रोस्टेटचा कर्करोग, पार्किन्सन, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार यादीत आले, आणि २०२२ मध्ये उच्च रक्तदाबही. व्हिएतनामी गावकऱ्यांच्या वाट्याला मात्र हे गृहीतक आलं नाही. त्यांच्या संघटनेचा दावा अमेरिकी न्यायालयाने २००५ मध्ये फेटाळला आणि अपिलांतही त्यांना काही मिळालं नाही. ज्यांच्या डोक्यावर फवारणी झाली त्यांना कायद्याने सर्वांत कमी दिलं. एजंट ऑरेंजचा विषय निघाला की ही बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आपल्या कामाला सर्वांत उपयोगी आहे ते सी-१२३ विमानांचं प्रकरण. फवारणी करणारी ही विमानं युद्धानंतर अमेरिकेत राखीव दलाने वापरली. त्यांच्यावर काम केलेले लोक व्हिएतनामला कधीच गेले नव्हते, म्हणून त्यांचे अर्ज नाकारले जात होते. निवृत्त अधिकारी वेस कार्टर यांनी माहितीच्या अधिकाराखाली वर्षानुवर्षं कागद मागवले. विमानांच्या आतल्या पृष्ठभागावरून पुसून घेतलेल्या नमुन्यांत डायऑक्सिन सापडल्याचे अहवाल त्यांत होते. २०१५ मध्ये सरकारने या लोकांनाही लाभ मान्य केले. हे लोक जिंकले ते स्वतःच्या रक्ताच्या अहवालावर नाही. विमान कोणतं, त्यात काय होतं आणि ते चालवत कोण होतं, एवढं कागदांनी दाखवलं.

दाव्याचे दुवे म्हणून तीनच आहेत: माणूस तिथे होता, पदार्थ तिथे होता, आणि या पदार्थाने हा आजार होतो हे शास्त्राला माहीत आहे. पहिले दोन दुवे आपण जितके घट्ट बांधू, तितका तिसऱ्याचा भार कायद्यावर टाकता येतो.

आपल्याकडचा नियम

आपल्याकडे अमेरिकेसारखी रसायन-आजाराची यादी लष्करासाठी नाही. पण संशयाचा फायदा जवानाला देण्याचं तत्त्व आहे, आणि ते पुष्कळ जणांना ठाऊक नसतं. १९८२ च्या पात्रता नियमांनुसार भरतीच्या वेळी माणूस निरोगी होता अशी नोंद असेल, तर नंतर बिघडलेली तब्येत सेवेमुळे बिघडली असं मानून चालायचं, आणि सिद्ध करण्याचा भार जवानावर नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धर्मवीर सिंह यांच्या खटल्यात हे स्पष्ट केलं: भरतीच्या वेळी आजाराची नोंद नाही आणि वैद्यकीय बोर्डाने कारणंही दिलेली नाहीत, तर फायदा जवानाचा. लेखाच्या सुरुवातीला सांगितलेली ती एक ओळ इथे उलटते. बोर्डाने ‘प्रकृतीचा आजार’ एवढंच लिहिलं असेल, तर ते कारण नव्हे, नुसता निष्कर्ष आहे. अपिलात हा मुद्दा पहिल्या परिच्छेदात यायला हवा.

२००८ मध्ये नियमांची भाषा बदलली, २०२३ मध्ये पुन्हा नवे नियम आले. कोणते नियम लागू हे सेवेतून सुटल्याच्या तारखेवर बघायचं. २००८ च्या नियमांतली एक अट विशेष जपायची आहे. सेवा सुटून १५ वर्षं उलटल्यावर दावा केला आणि तोवर मुदतीप्रमाणे कागद नष्ट झाले असतील, तर सिद्ध करण्याचा भार जवानावर येतो. म्हणून ‘बघू, पोराची परीक्षा झाल्यावर’ असं म्हणणाऱ्या घराला हा आकडा सांगावा. आज दावा करायचा नसला तरी कागद आज मागवून ठेवावेत.

माणसाशी बोलणं

कामाचा मोठा भाग इथे आहे आणि घाई केली तर इथेच बिघडतो. दोन बैठका धरा, प्रत्येकी तासाभराच्या. आजारी माणूस थकतो, आणि पहिल्या बैठकीत तो काय झालं यापेक्षा आपल्याला कसं वागवलं हेच सांगतो. ते ऐकून घ्यावं. त्याला आधी कुणी ऐकलेलं नसतं.

‘तुम्हाला केमिकलमुळे झालं का?’ हा प्रश्न विचारायचा नाही. उत्तर ‘हो’च येणार आणि त्याला किंमत शून्य. त्याऐवजी अंगाला, नाकाला, कपड्याला काय जाणवायचं ते विचारा. ‘काकाजी, ड्यूटीवरून आल्यावर हाताला कसला वास यायचा?’ ‘डबा होता की पोतं? त्याचा रंग?’ ‘जेवणाचा डबा कुठे खायचात? तिथेच?’ ‘वर्दी घरी कोण धुवायचं?’ हा शेवटचा प्रश्न काकूंना विचारा. साबण लावल्यावर पाणी पिवळं व्हायचं, उशीच्या अभ्र्यावर डाग पडायचे, हे त्यांनाच आठवतं. आणि कधी कधी त्यांना स्वतःलाही त्रास झालेला असतो, तो कुणी लिहून घेतलेला नसतो.

तारखा कुणालाच आठवत नाहीत. मग घरातल्या आणि गावातल्या गोष्टींचे खुंटे ठोकायचे. मोठीचा जन्म झाला तेव्हा कोणत्या सेक्शनला होते? मोवाडला पूर आला, ३० जुलै १९९१, तेव्हा सुटीवर होतात का? ते डोळे लाल झाले ते मारबत निघाली त्याच्या आधी की नंतर? असे पाच-सहा खुंटे मिळाले की वर्षं आपोआप जागेवर बसतात. मग एका मोठ्या कागदावर आडवे रकाने आखा: कधीपासून कधीपर्यंत, युनिट किंवा सेक्शन, जागा, नेमकं काम, पदार्थ, हातमोजे-मास्क होते का, सोबत कोण होतं, तेव्हा काय त्रास झाला. शेवटून दुसरा रकाना फार मोलाचा. सोबतचे दोघे-तिघे त्याच काळातली त्याच जागेची गोष्ट वेगवेगळी सांगून जुळवत असतील, तर ती शपथपत्रं वजनदार ठरतात. मात्र प्रत्येकाचं शपथपत्र त्याच्याच शब्दांत हवं. एकाच मजकुरावर तीन सह्या असल्या की समोरचा वकील ते पाच मिनिटांत मोडून काढतो.

माणूस सांगतो त्यातून पदार्थ ओळखता यायला हवा. काही खुणा इतक्या ठरलेल्या आहेत की त्या माहीत असाव्यात.

टीएनटीच्या धुळीत काम केलेल्याचे तळहात, नखं, केसांची टोकं पिवळी होतात. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये गोळे भरणाऱ्या बायकांना या रंगामुळे पिवळ्या पाखराचं नाव पडलं होतं. रंग हा वरचा भाग झाला. टीएनटी कातडीतून आत जातं आणि ओल्या कातडीतून जास्त जातं. नागपूर-भंडाऱ्याच्या मे महिन्यात, ४५ अंशांत, घामाने थबथबलेल्या बनियनवर बसलेली धूळ म्हणजे काय हे यावरून समजावं. यकृताला सूज येऊन कावीळ, रक्त तयार होणं मंदावून पंडुरोग, आणि डोळ्यांच्या भिंगात कडेपासून सुरू होणारा मोतीबिंदू, हे त्याचे आजार. कडेचा मोतीबिंदू साध्या तपासणीत सुटतो. म्हणून थेंब टाकून बाहुली मोठी करून, स्लिट लॅम्पवर कड बघायला डॉक्टरांना सांगावं लागतं.

नायट्रोग्लिसरीनची खूण वेगळी आहे. ते रक्तवाहिन्या सैल करतं. पहिल्या दिवशी डोकं फुटेल इतकं ठणकतं, मग शरीर सरावतं आणि आठवडा बरा जातो. सुटीच्या दिवशी सराव उतरतो, सोमवारी डोकं पुन्हा ठणकतं. सराव उतरताना रक्तवाहिन्या आवळल्याही जातात, त्यामुळे काही कामगारांच्या छातीत नेमकं सुटीच्या दिवशी किंवा कामावर परतताना दुखतं. ‘काम करताना काही होत नव्हतं, घरी असतानाच अटॅक आला, मग कामाचा संबंध काय?’ असा प्रश्न आला तर उत्तर हेच आहे. साप्ताहिक सुटी कोणत्या वारी होती आणि अटॅक कोणत्या वारी आला, हे तक्त्यात लिहून ठेवा.

डिटोनेटर आणि कॅपच्या कामात शिशाची संयुगं येतात: पोटात कळा, मनगट लुळं पडणं, पंडुरोग. रक्तातलं शिसं अलीकडचा संपर्क दाखवतं, काम सुटून वर्ष झालं की आकडा खाली येतो, म्हणून ती तपासणी नोकरीत असतानाच करून घ्यायची. आरडीएक्स जास्त प्रमाणात पोटात किंवा श्वासात गेलं तर काही तासांत झटके येतात. मस्टर्ड गॅसची गोष्ट आणखी फसवी. संपर्काच्या वेळी फारसं काही जाणवत नाही, कातडी आणि डोळे काही तासांनी भाजल्यासारखे होतात, आणि फुप्फुसांचा त्रास पुढे वर्षानुवर्षं राहतो. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून ब्रिटिशांनी रावळपिंडीत आपल्याच जवानांवर या वायूचे प्रयोग केले होते. ते कागद २००७ मध्ये ब्रिटिश अभिलेखागारातून उजेडात आले. सियाचिनसारख्या ठिकाणी बंद बंकरमध्ये केरोसीनची बुखारी पेटवून राहिलेल्यांचा काळा बेडका हाही रसायनाचाच संपर्क, शत्रूचा नसला तरी. तो विसरू नये.

कागद कुठून आणि कसे

जवानाचे कागद त्याच्या रेकॉर्ड ऑफिसात असतात. गार्ड्सचं कामठीत, मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला, ऑर्डनन्स कोअरचं सिकंदराबादला. आधी डिस्चार्ज बुक आणि पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) बघा, कार्यालयाचं नाव त्यावर सापडतं. मग माहिती अधिकाराचा अर्ज, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. मराठीत अर्ज चालतो, पण रेकॉर्ड ऑफिस राज्याबाहेर असेल तर हिंदी किंवा इंग्रजीत पाठवलेला लवकर हलतो.

‘माझी पेन्शन का नाकारली?’ असं लिहिलं तर ‘ही माहिती नाही, खुलासा आहे’ म्हणून अर्ज परत येतो. कागदाचं नाव घेऊन प्रत मागायची: भरतीच्या वेळच्या वैद्यकीय तपासणीची प्रत, सेवेतल्या सर्व एएफएमएसएफ-१५ (सेवेत असताना झालेल्या वैद्यकीय बोर्डांचे अहवाल), शेवटचा एएफएमएसएफ-१६ पूर्ण, दावा नाकारल्याचं पत्र आणि त्यामागचं वैद्यकीय सल्लागाराचं टिपण, शीट रोलमधल्या (जवानाच्या सेवा-नोंदीच्या कागदातल्या) सर्व नेमणुका तारखांसह. ‘पूर्ण’ हा शब्द लिहायलाच हवा, नाहीतर फक्त पहिलं पान येतं. कागद नष्ट झाल्याचं उत्तर आलं तर नष्ट केल्याच्या नोंदीची प्रत आणि लाँग रोलचा (सगळ्या जवानांच्या कायम नोंदवहीचा) उतारा मागा. लाँग रोल सहसा उरलेला असतो. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा अर्धवट आलं, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

निर्माणीतल्या कामगारासाठी मागायचं ते वेगळं: कोणत्या तारखेपासून कोणत्या सेक्शनला, तिथे हाताळल्या जाणाऱ्या पदार्थांची सुरक्षा माहितीपत्रकं, हवेतल्या प्रमाणाच्या मोजणीचे अहवाल, आणि त्याच्या स्वतःच्या वैद्यकीय तपासण्या. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्यातलं कलम ४१-सी घातक प्रक्रियेच्या कारखान्यांना कामगाराची आरोग्य नोंद ठेवायला आणि त्याला ती पाहू द्यायला बांधील धरत होतं. तपासणी काम देण्याआधी, काम चालू असताना आणि ते काम सुटल्यावरही, १२ महिन्यांपेक्षा जास्त अंतर न ठेवता व्हायची होती. ती झाली नसेल तर ‘नोंद नाही’ हे उत्तरही आपल्या बाजूचा पुरावा आहे. खासगी कारखान्याला माहिती अधिकार लागू नाही, पण कारखाना निरीक्षकांकडे गेलेले अहवाल सरकारी कार्यालयातून मागता येतात.

मूळ कागद कुणालाही द्यायचे नाहीत. ‘सेटिंग आहे, इतके टक्के द्या’ म्हणणाऱ्याला तर मुळीच नाही. जुन्या ईसीजीचा आणि फॅक्सचा कागद उष्णतेने काळा किंवा कोरा होतो, तो मिळाल्या दिवशी झेरॉक्स करावा. पीपीओ, आधार आणि दवाखान्याच्या कार्डावरची नावं जुळतात का ते पहिल्याच आठवड्यात बघा. एका वेलांटीवरून प्रकरण सहा महिने अडकतं.

कुठल्या दारात जायचं

चुकीच्या दारात गेलेला दावा दोन वर्षांनी ‘आमच्या कक्षेत नाही’ म्हणून परत येतो, आणि तोवर मुदत गेलेली असते.

जवान असेल तर आधी रेकॉर्ड ऑफिसमार्फत दावा, नाकारल्यास सहा महिन्यांत पहिलं अपील, मग दुसरं, आणि त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ. अपंगत्व किमान २० टक्के लागतं. मान्य झालं की आकडा वर सरकवून धरतात: ५० पेक्षा कमी असेल तर ५०, ५० ते ७५ असेल तर ७५, त्यापुढे १००. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार यांच्या प्रकरणात हा लाभ पूर्ण सेवा करून निवृत्त झालेल्यांनाही दिला. उशिरा गेलात तरी पेन्शन मागता येते, पण थकबाकी साधारण दावा दाखल करण्याआधीच्या तीन वर्षांचीच मिळते. अर्ज भरायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची मदत होते, वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं.

आयुध निर्माणीतला कायम कर्मचारी केंद्र सरकारचा नागरी कर्मचारी. त्याला असाधारण पेन्शनचे नियम लागू होतात आणि वाद गेला तर केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणात.

कंत्राटी आणि खासगी कारखान्यातला कामगार सर्वांत उघडा पडलेला असतो, पण कायद्याचं गृहीतक सर्वांत स्पष्ट त्याच्यासाठीच आहे. पगारातून ईएसआयसी (कामगार राज्य विम्याची वर्गणी) कापलं जात असेल तर दावा तिथेच करायचा, नुकसानभरपाईचा वेगळा दावा चालत नाही. कापलं जात नसेल तर १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याची तिसरी अनुसूची बघा. (हा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये सामावला आहे, आणि व्यावसायिक आजारांची यादी तिथेही तिसऱ्या अनुसूचीतच आहे. घटना कधीची, त्याप्रमाणे कायद्याचं नाव लिहायचं.) अनुसूचीच्या ब भागात बेन्झिनच्या नायट्रो संयुगांनी होणारे आजार आहेत. टीएनटी त्यातच येतं. त्या कामावर सलग सहा महिने असलेल्या कामगाराला तो आजार झाला, तर तो कामामुळेच झाला असं मानायचं, तसं नाही हे मालकाने सिद्ध करायचं. म्हणून पुराव्याचा जोर सहा महिने सलग होतो यावर लावायचा: गेटपास, ओव्हरटाइमच्या चिठ्ठ्या, बँकेत आलेला पगार, कॅन्टीनचं कुपनसुद्धा. कंत्राटदार कागदावर दर पाच महिन्यांनी ‘ब्रेक’ दाखवतो तो त्याला हे सहा महिने मोडायलाही उपयोगी पडतो, हे लक्षात असू द्या.

रकमेचा अंदाज असा. १९२३ च्या कायद्यात पूर्ण कायम अपंगत्वाला पगाराच्या ६० टक्के गुणिले वयाचा गुणांक. पगार १५,००० रुपयांपर्यंतच धरतात. वय ४० असेल तर गुणांक १८४.१७, म्हणजे ९,००० गुणिले १८४.१७ बरोबर १६,५७,५३० रुपये. कमाईची क्षमता ४० टक्के गेली असेल तर ६,६३,०१२. उशिरावर १२ टक्के व्याज, आणि विनाकारण उशीर असेल तर दंडही. दाव्याची मुदत दोन वर्षांची आहे, मात्र पुरेसं कारण दाखवलं तर उशीर माफ होतो. मालक गेटवरच दोन लाख देऊन सही मागतो तेव्हा हे गणित घरच्यांच्या हातात असलं पाहिजे.

डॉक्टरांचं पत्र

‘केमिकलमुळे असू शकतं’ या तीन शब्दांच्या आधारावर दावे पडतात. मेडिकल किंवा मेयो या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांतल्या डॉक्टरांकडे जाताना आपला तक्ता, पदार्थाचं माहितीपत्रक आणि जुने रिपोर्ट सोबत न्या, कारण ओपीडीत त्यांच्याकडे पाच-सात मिनिटं असतात. पत्रात पाच गोष्टी याव्यात अशी विनंती करा: निदान आणि ते कोणत्या तपासणीवरून, संपर्काचा इतिहास आणि तो दाखवणारे कोणते कागद पाहिले, या पदार्थाने हा आजार होतो याला वैद्यकीय आधार, दुसरी कारणं पाहिली का आणि त्यांचं काय, शेवटी मत, आणि तेही ‘शक्यता आहे’ असं नव्हे तर ‘शक्यता अधिक आहे’ असं, डॉक्टरांना तसं खरोखर वाटत असेल तर. टीसीडीडी, मस्टर्ड आणि बेन्झिन यांना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकलं आहे. पदार्थ यांतला असेल तर तिसऱ्या कलमात ते एक वाक्य पुरतं.

खर्रा, बिडी, दारू यांचं काय, हा प्रश्न येतोच. लपवू नका. दवाखान्याच्या जुन्या पेपरवर ‘तंबाखू: होय’ लिहिलेलं असतं, आणि ते समोरच्याने काढून दाखवलं की बाकी खऱ्या गोष्टींवरचा विश्वासही जातो. आपणच लिहावं: रोज किती, किती वर्षं, कधी सोडलं. खर्ऱ्याने तोंडाचा कर्करोग होतो. त्याने नखं पिवळी होत नाहीत, भिंगाच्या कडेला मोतीबिंदू येत नाही. आजार मिश्र कारणाचा असेल तर ‘सेवेमुळे वाढला’ हा दुसरा रकाना आहेच, आणि पेन्शनला तोही पुरतो.

माणूस मध्येच गेला तर

असे दावे लांबतात आणि आजारी माणूस थांबत नाही. तो गेल्यावर वारस दावा पुढे चालवू शकतात, पण सगळं एका कागदावर येऊन थांबतं: मृत्यूच्या कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र. रुग्णालयात मृत्यू झाला तर फॉर्म ४, घरी झाला तर ४-अ. त्यात पहिल्या ओळीवर मृत्यूचं तात्काळ कारण असतं, त्याखाली ते कशामुळे आणि तेही कशामुळे असे मूळ कारणापर्यंत जाणारे रकाने असतात, आणि दुसऱ्या भागात हातभार लावणारे इतर आजार. रात्रपाळीचा डॉक्टर ‘हृदयक्रिया बंद पडली’ एवढं लिहून खालच्या ओळी कोऱ्या सोडतो. प्रत्येक माणसाची हृदयक्रियाच बंद पडते. ते कारण नव्हे. विधवा पत्नीच्या दाव्यात नेमकी ती कोरी ओळ नडते.

म्हणून आजार गंभीर झाला की निदानाचे कागद आणि डॉक्टरांचं पत्र यांची एक प्रत रुग्णालयाच्या केस पेपरला लावून ठेवायला सांगा. प्रमाणपत्र लिहिताना घरच्या एकाने शांतपणे डॉक्टरांना विचारायचं, ‘मूळ आजार खालच्या ओळीत लिहाल का?’ जवळच्या नातेवाइकाला त्याची प्रत मिळते, ती तिथेच मागून घ्यायची. हे काम त्या घडीला पत्नीवर किंवा मुलांवर टाकू नका. शेजारचा, युनियनचा, रेजिमेंटमधला एखादा माणूस आधीच ठरवून ठेवा, आणि त्याचा फोन नंबर फाइलच्या पहिल्या पानावर लिहा.